रिंगमधला ग्रीनलँड डॉग: शिकाऊ जजला पत्र

कोपनहेगन,
१२ फेब्रुवारी

चि. मनू,

तुझी मेल मिळाली. पुढच्या महिन्यात ग्रीनलँड डॉगच्या रिंगमध्ये शिकाऊ जज म्हणून उभी राहणार आहेस हे वाचून आनंद झाला. पण शेवटी जे विचारलंस ते फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले. तू म्हणतेस, "आत्या, स्टँडर्ड तोंडपाठ आहे, पण फोटो बघते तर दोन कुत्री सारखी नाहीत. एक काळं, एक पांढरं, एक बांडं. एक थोराड, एक उंच. यातून पहिलं काढायचं कसं?"

तुझी अडचण खरी आहे, पण ती जातीची नाही. गेली दोन-तीन वर्षं तू ज्या रिंगमध्ये उभी राहिलीस तिथे सगळी कुत्री एका साच्यातून काढल्यासारखी असायची, त्या सवयीची ही अडचण आहे. ग्रीनलँड डॉगचं स्टँडर्ड पुन्हा काढ आणि या वेळी त्यात काय लिहिलेलं नाही ते बघ. एफसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत ही जात पाचव्या गटात, स्पिट्झ आणि आदिम जातींमध्ये येते, क्रमांक २७४. नराची उंची ६० सेंटिमीटर आणि त्यापुढे, मादीची ५५ आणि त्यापुढे. वरची मर्यादा दिलेलीच नाही. अल्बिनो सोडून कुठलाही रंग चालतो. डोळे गडद असावेत, पण अंगाच्या रंगाला शोभणारे फिकेही चालतात. आणि वैविध्याला जागा आहे, मात्र ताकद जाता कामा नये, असं त्यात स्वच्छ सांगितलं आहे. लिहिणाऱ्यांनी ही मोकळीक आळसाने ठेवलेली नाही. जे कामाला लागतं तेवढंच त्यांनी बांधून घातलं आणि बाकीचं सोडून दिलं. त्यांनी सोडलेलं तू बांधायला जाऊ नकोस. या जातीत जजचं पहिलं काम हेच, की तिला सुधारायच्या फंदात पडायचं नाही.

हे पटायचं असेल तर कुत्रं काय काम करतं ते डोळ्यांपुढे आण. अलास्कातल्या झाडीत कुत्री जोडीजोडीने, एकामागे एक जुंपतात. ग्रीनलँडमध्ये झाड जवळजवळ नाहीच, समोर गोठलेला समुद्र. तिथे प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर, सगळे दोर स्लेजपाशी एकत्र, आणि कुत्री पंख्यासारखी पसरून धावतात. बर्फाच्या उंचवट्यांमधून आपापली वाट ज्याची त्याने काढायची. बर्फ पातळ असेल तर पंख्यामुळे भार विभागला जातो, सगळी एकाच जागी कोसळत नाहीत. मागे स्लेजवर शिकारी, त्याचं सामान आणि परतताना सील किंवा मासळीचं ओझं. यात शर्यतीची चपळाई कमी आणि दिवसभर न थकता ओढत राहणं जास्त. सायबेरियन हस्की हलकं ओझं वेगाने नेणारा, मॅलम्यूट जड ओझं सावकाश नेणारा. ग्रीनलँड डॉगकडून शिकाऱ्याने दोन्ही कामं घेतली, आणि वर अस्वल दिसलं तर त्याला अडवून धरायचंही काम घेतलं.

हे काम फार जुनं आहे. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव नावाचं बेट आहे. तिथे सापडलेल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या जातींमध्ये त्याचे जवळचे नातेवाईक निघाले ते ग्रीनलँडच्या स्लेज कुत्र्यांसारखे आर्क्टिकमधले कुत्रे. धान्य खाऊन वाढलेल्या आपल्या गावठी कुत्र्यांमध्ये पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या पुष्कळ प्रती असतात; यांच्यात त्या थोड्याच. सील आणि मासळीच्या चरबीवर जगणाऱ्याला भाकरी पचवून काय करायची आहे?

आणि अशा कुत्र्याची निवड कशाने केली ते विसरू नकोस. १४ डिसेंबर १९११ ला अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तो ग्रीनलँडच्या कुत्र्यांच्या जिवावर. निघाला तेव्हा ५२ कुत्री होती, तळावर परतली ११. मधली बरीचशी ठरवून मारली, त्यांचं मांस माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्लं. हा हिशोब निघण्याआधीच मांडलेला होता. मला त्यात शौर्य-बिर्य काही दिसत नाही. पण थंडी, भूक आणि शिकाऱ्याची गरज यांनी शेकडो वर्षं केलेली निवड किती निष्ठुर होती ते त्यावरून कळतं. आपली निवड सौम्य असते, सॅटिनच्या फितीची असते, म्हणूनच तिच्यातली चूक लवकर उघडकीला येत नाही. ओढायला निकामी कुत्रं बर्फावर एका हिवाळ्यात कळायचं. रिंगमध्ये ते चॅम्पियन होऊन चाळीस पिल्लांचा बाप होईपर्यंत कळत नाही.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. तुझे पणजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार बघायला जात तेव्हा रंगवलेल्या शिंगांकडे आणि झुलीकडे ढुंकूनही बघत नसत. आधी खूर, मग पाय, मग जू बसतं तो खांदा, मग चालवून बघणं आणि शेवटी तोंड. तोच क्रम धर. रिंगमध्ये शिरलेल्या नव्या जजचे डोळे पहिल्यांदा डोक्याकडे जातात, कारण देखणं डोकं लगेच भुरळ घालतं. तू खालून वर ये.

पंजा मोठा, भक्कम, गोलसर हवा. गादी जाड, नखं मजबूत. पंजा हातात घे आणि बोटं फाकवून बघ. पसरट, सैल पंजा गालिच्यावर दोष वाटत नाही, पण खरखरीत बर्फावर तोच आधी फाटतो. पुढचे पाय सरळ, जाड हाडाचे. कोपर अंगाजवळ, पण मोकळं हलणारं. उंचसखल बर्फावर वाट काढणाऱ्या कुत्र्याचं कोपर आखडलेलं असेल तर ते दुपारपर्यंतच टिकेल. छाती रुंद, कंबर रुंद आणि स्नायूंनी भरलेली. कमरेवर तळहात टेकव. मऊ लागलं तर ते मांस नव्हे, चरबी आहे. मागच्या पायांचे कोन माफक हवेत. जर्मन शेफर्डच्या रिंगमधून तू थेट इकडे येणार, तेव्हा हे नीट लक्षात ठेव. मागचे पाय लांब ताणून उभं केलेलं कुत्रं फोटोत झकास दिसतं. ओढणाऱ्याला तो कोन ओझं होतो. मान जाड आणि आखूडशीच हवी. राजहंसी मान इथे गुण नाही.

मग कोट. इथे डोळ्यांवर भिस्त ठेवूच नकोस, बोटं घाल. खांद्यामागे केस दोन्ही हातांनी दुभंगून धर. वरचे केस सरळ, राठ. त्यांच्या मुळाशी लोकरीसारखा दाट थर, इतका दाट की कातडी दिसायला केस तीन-चार ठिकाणी फाकवावे लागावेत. डोक्यावर आणि पायांवर केस आखूड, अंगावर लांब, शेपटीच्या खाली सगळ्यात लांब. लहरदार किंवा रेशमी, लोंबणारा कोट प्रेक्षकांना आवडतो. पण मऊ, लांब केसांना बर्फाचे गोळे चिकटतात, कुत्रं थांबून ते दातांनी उपटत बसतं आणि मागचा पंखा गुंततो. ब्लोअरने फुलवलेलं, स्प्रे मारलेलं कुत्रं आलं तर हात फिरवून फुगवटा खाली बसव आणि मग बघ. उलट, मादी पिल्लं देऊन नुकतीच उठली असेल किंवा उन्हाळ्याचा शो असेल, तर अर्धा कोट गळालेला असणारच. पोत बघ, प्रमाणावर जाऊ नकोस.

डोकं शेवटी. कवटी रुंद आणि किंचित उंचावलेली, मुस्कट पाचरीसारखं, जबडा भारी, दात भक्कम. कान लहानसर, टोकाशी गोलसर, ताठ. लहान का, ते तुला सांगायला नको. थंडीत शरीराची टोकं जितकी लहान तितकी उष्णता राखायला बरी. डोळे जरा तिरके, ना बटबटीत, ना खोल गेलेले. नाक काळं असावं, पण हिवाळ्यात ते गुलाबीसर पडू शकतं आणि स्टँडर्डला ते मान्य आहे. मार्चच्या शोमध्ये अशी नाकं हमखास दिसतील; रंग उडाला असं लिहून हसं करून घेऊ नकोस. मुस्कटावर, कानाच्या कडेला जुने व्रण दिसतील. ही कुत्री आपापसांत मानपान ठरवताना दात वापरतात. व्रण वंशात उतरत नाही, त्याचे गुण कापू नकोस.

चालीसाठी जागा मागून घे. छोट्या रिंगमध्ये हे कुत्रं अवजड वाटतं, मोठ्या फेरीत त्याची दुडकी चाल लागते. आधी जाताना, मग येताना, मग बाजूने बघ. लय एकसारखी हवी, पाठ स्थिर हवी, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या फेरीसारखंच दिसायला हवं. बरेच मालक स्वतः स्लेज चालवणारे असतात, पगारी हँडलर नव्हेत. त्यांची कुत्री गळ्यातला पट्टा ताणत, खाली वाकून, घशातून आवाज काढत येतील. जन्मभर पट्टा लागला की ओढायचं हेच शिकलेलं आहे त्यांनी. रागावू नकोस. पट्टा सैल सोडून एक फेरी घ्यायला सांग, म्हणजे खरी चाल कळेल. हॉलमध्ये उकाडा असतो, कुत्री धापा टाकतात, कान मागे पाडतात. त्याला निरुत्साह म्हणू नकोस, मालकाला पाणी पाजू दे.

स्वभावाबद्दल एक गोष्ट पक्की धर. माणसांशी, अगदी अनोळखी माणसांशीही, हे कुत्रं मोकळं वागलं पाहिजे. शिकाऱ्याच्या वस्तीत ते कुणाच्याही हाताखाली जुंपावं लागतं, त्यामुळे एका धन्याला चिकटणं त्याला जमत नाही आणि राखणीला ते जवळजवळ कुचकामी. तू दात बघायला वाकलीस आणि ते गुरगुरलं, किंवा भेदरून मागे सरलं, तर बाकी कितीही चांगलं असो, कडक राहा. शेजारच्या नरावर डोळे रोखून उभं राहणं वेगळं. ते चालतं, फक्त रिंगच्या स्टुअर्डला सांगून दोन नरांमध्ये अंतर ठेव.

आता हे सगळं इतकं ताणून का सांगते आहे ते लिहिते. चुलत जातींकडे बघ. मॅलम्यूटच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये नराचं आदर्श माप २५ इंच आणि ८५ पौंड. तरी राक्षसी मॅलम्यूट म्हणून जाहिराती होतात, कारण मोठं ते भारी अशी समजूत. सायबेरियन हस्की अमेरिकेत १९३० मध्ये नोंदली गेली. आज शर्यतीची हस्की आणि शोची हस्की शेजारी उभ्या केल्या तर जात एकच आहे हे सांगावं लागतं. एका माणसाने ठरवून हे केलेलं नाही. दर रविवारी कुणीतरी जरा जास्त केसांच्या, जरा जास्त पांढऱ्या मुखवट्याच्या कुत्र्याला पहिला नंबर दिला, पैदास करणाऱ्यांनी तो इशारा समजून घेतला, आणि हळूहळू जात सरकली. आपल्याकडचा कारवानी बघ. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारं ते कुत्रं खेड्यातल्या माणसांनी धावेवर निवडलं. शहरातल्या शोमध्ये तो शिरला तेव्हा त्याच्यापुढेही हाच धोका उभा राहिला, आणि तू स्वतः त्यावर पोटतिडकीने बोलली होतीस. तेच डोळे इकडे वापर.

ग्रीनलँड डॉगच्या बाबतीत तर आपला अधिकार आणखी तोकडा आहे. जात जिवंत आहे ती ग्रीनलँडमधल्या इलुलिस्सात, उम्मनाक, कानाक, तासिलाकसारख्या वस्त्यांमध्ये, आणि तिथल्या बहुसंख्य कुत्र्यांच्या वंशावळी कुठल्याही केनेल क्लबच्या दफ्तरात नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्या जातीचं कुत्रं नेण्यास कायद्याने बंदी आहे. तिथून बाहेर पडलेलं स्लेज कुत्रंही परत आत येऊ शकत नाही. इतका बंदोबस्त असूनही संख्या घसरते आहे. २००२ च्या सुमाराला २५,००० च्या आसपास कुत्री होती, २०१६ पर्यंत १५,००० च्या आत आली. स्नोमोबाइल आली, समुद्राचा बर्फ उशिरा धरू लागला आणि लवकर सुटू लागला, वर्षभर कुत्री पोसणं परवडेनासं झालं, मधूनमधून डिस्टेंपर या रोगाची साथ.

कॅनडात तर याहून वाईट झालं. तिथला इन्युइट डॉग जनुकांनी पाहिलं तर याच कुत्र्याचा सख्खा भाऊ. १९५० ते १९७० च्या दशकांत इन्युइट कुटुंबांना स्थिर वस्त्यांमध्ये आणलं गेलं आणि त्यांची कुत्री मोठ्या प्रमाणावर मारली गेली. त्या काळाची साक्ष पुढे किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने गोळा केली आणि २०१९ मध्ये कॅनडा सरकारने जाहीर माफी मागितली. सत्तरच्या दशकात विल्यम कार्पेंटर आणि जॉन मॅकग्रा यांनी दूरच्या वस्त्यांमधून उरलीसुरली कुत्री जमवली नसती तर आज तिकडच्या रिंगमध्ये ही जात दिसली नसती. २००० मध्ये नुनावुतने तिला आपला अधिकृत प्राणी म्हणून घोषित केलं. ज्या लोकांनी हे कुत्रं घडवलं आणि ज्यांच्याकडून ते हिरावून घेतलं गेलं, ते आपल्या रिंगभोवतीच्या खुर्च्यांवर बसलेले नसतात. त्यांच्या गैरहजेरीत आपण त्यांच्या वस्तूला नंबर देतो आहोत, एवढं भान असलं की हात आपोआप आखडता राहतो.

लेखी शेऱ्याबद्दल. एफसीआयच्या नियमाप्रमाणे शेरे लिहायचे असतील तर तासाला वीसच्या वर कुत्री घ्यायची नसतात, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यातलं निम्मं हाताने बघण्यात जातं. "सुंदर डोकं, छान कोट, देखणी चाल" असले शेरे लिहू नकोस. ते पामेरियनलाही चालतात. "पंजा घट्ट, कंबर भक्कम, कोट राठ आणि दाट, कोपर किंचित सैल, तिसऱ्या फेरीतही लय टिकली" असं लिही. पैदास करणारा घरी जाऊन तोच कागद पुन्हा वाचतो. आणि दोष दिसला तर तो कामात कुठे नडेल ते एका शब्दात जोड, म्हणजे मालकाला तो टोमणा वाटत नाही.

कधी तुझ्यापुढे वर्गात एकच कुत्रं असेल. जात दुर्मिळ आहे, मालक लांबून आलेला असतो, आणि एकटंच आहे तर एक्सलंट आणि सर्टिफिकेट देऊन टाकावं असं वाटतं. भीड ही भिकेची बहीण. शिकाऊ असताना सही तुझी नसते, तरी तुझ्या कागदावर तुझं खरं मत लिही. सर्टिफिकेट राखून ठेवायचा अधिकार जजला दिलेला आहे तो वापरण्यासाठी. व्हेरी गुडच्या लायकीच्या कुत्र्याला व्हेरी गुडच दे, आणि का ते मालकाला तोंडावर, हसून सांग. उलट बाजूही आहे. फाटक्या कानाचं, अर्धा कोट गळालेलं, पण हाडापेराने भक्कम आणि मनाने मोकळं कुत्रं समोर आलं, तर प्रेक्षकांची कुजबूज मनावर न घेता त्याला पुढे काढ. दोन कुत्री तुल्यबळ वाटली, तर ज्याच्याकडे ओढण्याच्या चाचणीचा दाखला आहे ते वर ठेवायला कचरू नकोस. 

दोन बारीकसारीक गोष्टी. हाताला अत्तर, क्रीम लावून जाऊ नकोस. बांगड्या आणि लटकणारं आयडी कार्ड काढून ठेव. वाकल्यावर ते कुत्र्याच्या तोंडावर येतं आणि मग दात बघताना विनाकारण झटापट होते. जोडे रबरी तळाचे घाल.

शोच्या आधीचा शनिवार-रविवार मोकळा ठेव. नॉर्वेत अजून बर्फ असेल, आणि तिथल्या एका ध्रुवीय कुत्र्यांच्या क्लबच्या सरावात तुला येऊ देतील असं मी विचारून ठेवलं आहे. प्रेक्षक म्हणून उभी राहू नकोस. कुत्र्यांना हार्नेस चढवायला मदत कर, पट्टा छातीवर आणि खांद्यावर नेमका कुठे बसतो ते बोटाने चाचपून बघ, दिवस संपल्यावर पंजे तपासायला बस. सकाळी तुला जे कुत्रं सगळ्यात देखणं वाटेल त्याचं नाव वहीत लिही, आणि संध्याकाळी ओढून आल्यावर पुन्हा एक नाव लिही. दोन्ही नावं आणि त्यामागची कारणं मला कळव. ती वाचल्यावरच तुझ्या रिंगच्या तयारीबद्दल पुढचं बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझी,
आत्या